रँडम व्हेरिएबलचं उदाहरण: आधी वाक्य, मग तक्ता, सूत्र सगळ्यात शेवटी

बारावीच्या आणि बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या वह्या तपासताना एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. लेकरं उदाहरण वाचतात आणि थेट एनसीआर, म्हणजे एन पैकी आर निवडायचे प्रकार मोजणारं सूत्र, लिहायला घेतात. एक्स म्हणजे काय, म्हणजे आपण नेमकं काय मोजतोय, हे पानावर कुठेच नसतं.

परभणीतल्या एका वहीतलं हे उदाहरण बघा. सोयाबीनच्या एका दाण्याची उगवण्याची संभाव्यता ०.७ आहे. तीन दाणे लावले. जास्तीत जास्त एक दाणा न उगवण्याची संभाव्यता काढा. मुलाने एन (प्रयत्नांची संख्या) ३ घेतला, पी (एका प्रयत्नात मोजतोय ते घडण्याची संभाव्यता) ०.७ घेतला, एक्स ० आणि १ साठी दोन पदं काढली, बेरीज केली, उत्तर ०.२१६. आकडेमोड बिनचूक आहे, तरी उत्तर चूक. प्रश्न न उगवलेल्या दाण्यांचा होता आणि मुलाने उगवलेले मोजले. बरोबर उत्तर ०.७८४. “एक्स म्हणजे न उगवलेल्या दाण्यांची संख्या” एवढं एक वाक्य वर लिहिलं असतं, तर पी ०.३ घ्यायचा हे त्याला आपोआप कळलं असतं.

म्हणून हा लेख सूत्रांपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे. तीन दाण्यांचं हेच उदाहरण आपण शेवटपर्यंत नेऊ, मध्ये गरज पडेल तिथे दुसरी घेऊ.

## तयारी

वहीचं पान आडवं धरा, म्हणजे तक्त्याला जागा मिळते. अपूर्णांक शक्यतो अपूर्णांकच ठेवा, दशांश शेवटी करा. एक तृतीयांशाला ०.३३ लिहून पुढे गेलात की बेरीज ०.९९ येते. मग चूक आपली की दशांशाची, हे शोधण्यात दहा मिनिटं जातात.

चिन्हांचा एक घोळ आधीच मिटवू. मोठा एक्स म्हणजे चल, म्हणजे “काय मोजतोय” ते. छोटा एक्स म्हणजे त्या चलाची एखादी किंमत, म्हणजे साधा आकडा. पी(एक्स = २) याचा अर्थ: आपण जे मोजतोय ते २ भरण्याची संभाव्यता. वहीत मोठा आणि छोटा एक्स ओळखू येईल असा वेगळा काढा.

## पायरी १: प्रयोग एका ओळीत, एक्स एका वाक्यात

प्रयोग: तीन दाणे लावले, प्रत्येक उगवतो किंवा उगवत नाही.
एक्स: उगवलेल्या दाण्यांची संख्या. (वरच्या प्रश्नात न उगवलेले मोजायचे होते, इथून पुढे आपण उगवलेले मोजू.)

वाक्यात “संख्या”, “रुपये”, “मिनिटं”, “मिलिमीटर” असा मोजण्याचा शब्द आलाच पाहिजे. “एक्स म्हणजे दाणा उगवणे” हे चूक आहे. उगवणे ही घटना झाली. रँडम व्हेरिएबल, म्हणजे यादृच्छिक चल, प्रत्येक निकालाला एक आकडा देतो. आकडा नसेल तर चल नाही.

त्याच वाक्यावरून एक्स खंडित की अखंडित ते ठरवा. मोजून सांगता येतं ते खंडित: दाणे, टँकरच्या खेपा, नापास विषय. मापून सांगावं लागतं ते अखंडित: पावसाचे मिलिमीटर, बसची वाट बघितलेली मिनिटं. एकच पाऊस दोन्हीकडे जाऊ शकतो. जूनमध्ये किती मिलिमीटर पडला, हा अखंडित चल. जूनमध्ये पावसाचे दिवस किती, हा खंडित. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस म्हणतं, म्हणजे तिथे मापलेल्या गोष्टीवरून मोजणी केली आहे.

तपासा: तुमचं वाक्य शेजारच्याला वाचून दाखवा. “उनउ” असा निकाल दिला, उ म्हणजे उगवला आणि न म्हणजे नाही, तर त्याला लगेच “दोन” म्हणता आलं पाहिजे.

## पायरी २: सगळे निकाल मांडा

तीन दाण्यांचे आठ निकाल होतात:

उउउ, उउन, उनउ, नउउ, उनन, नउन, ननउ, ननन

हे लिहायचा कंटाळा करू नका. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. एक्सच्या किमती ०, १, २, ३ अशा चारच आहेत म्हणून अनेक जण प्रत्येकीला १/४ देऊन टाकतात. पण २ ही किंमत तीन वाटांनी येते आणि ३ एकाच वाटेने. शिवाय हे आठ निकालसुद्धा समसंभाव्य नाहीत. नाणं असतं तर प्रत्येकी १/८ चाललं असतं. इथे उउन ची संभाव्यता ०.७ × ०.७ × ०.३ = ०.१४७, आणि ननन ची ०.३ × ०.३ × ०.३ = ०.०२७.

निकाल पंधरा-वीसपेक्षा जास्त असतील तर सगळे लिहू नका, पण पहिले तीन-चार तरी लिहा. ते लिहिताना वाटा मोजायची पद्धत हाताला सापडते. एनसीआर हेच मोजतो: तीन जागांपैकी दोन जागी उ किती प्रकारे बसतो.

## पायरी ३: वितरणाचा तक्ता

आता प्रत्येक किमतीसमोर तिची एकूण संभाव्यता लिहा.

एक्स = ०: ०.०२७
एक्स = १: ३ × ०.७ × ०.०९ = ०.१८९
एक्स = २: ३ × ०.४९ × ०.३ = ०.४४१
एक्स = ३: ०.३४३

तपासा: एकही आकडा ऋण नको आणि बेरीज बरोबर १ हवी. ०.०२७ + ०.१८९ + ०.४४१ + ०.३४३ = १. ही बेरीज वहीत लिहूनच पुढे जा. मनात केलेली बेरीज तपासणी म्हणून धरू नका.

तक्त्यात अज्ञात के दिला असेल तर हीच तपासणी समीकरण होते. समजा ०, १, २, ३ या किमतींच्या संभाव्यता अनुक्रमे के, २के, ३के², के² आहेत. बेरीज १ ठेवली की ४के² + ३के = १, म्हणजे के = १/४ किंवा के = −१. इथे दोन्ही उत्तरं लिहून मोकळं होऊ नका. −१ का टाकला ते एका ओळीत लिहा: संभाव्यता ऋण होईल. मग के = १/४ तक्त्यात घाला: १/४, १/२, ३/१६, १/१६. बेरीज १६/१६. आता तक्ता पक्का.

## पायरी ४: “किमान” आणि “जास्तीत जास्त” यांची चिन्हं करा

गणित येतं पण मराठी घाईत वाचलं, म्हणून गेलेले मार्क मी खूप पाहिले आहेत. आपल्या तक्त्यावरच चारही प्रकार बघा:

किमान दोन, निदान दोन, दोन किंवा अधिक: २ आणि ३, म्हणजे ०.७८४
दोनपेक्षा जास्त: फक्त ३, म्हणजे ०.३४३
जास्तीत जास्त दोन: ०, १, २, म्हणजे ०.६५७
दोनपेक्षा कमी: ० आणि १, म्हणजे ०.२१६

“पेक्षा” आला की तो आकडा बाहेर, “किमान” आणि “जास्तीत जास्त” असेल तर तो आकडा आत. प्रश्नातल्या त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी किमती लिहून काढा.

संचयी वितरण म्हणजे त्या किमतीपर्यंतची बेरीज: ०.०२७, ०.२१६, ०.६५७, १. इथे १.५ ची किंमत विचारली की गोंधळ होतो. दीड दाणा उगवत नाही हे खरं, पण “१.५ पर्यंत” मध्ये ० आणि १ येतात, म्हणून उत्तर ०.२१६. शून्य नाही आणि मधली सरासरीही नाही.

## पायरी ५: अपेक्षित मूल्य आणि प्रचरण

तक्त्याला दोन रकाने जोडा: किंमत × संभाव्यता, आणि किमतीचा वर्ग × संभाव्यता. पहिल्याची बेरीज ०.१८९ + ०.८८२ + १.०२९ = २.१. हे अपेक्षित मूल्य. दुसऱ्याची ०.१८९ + १.७६४ + ३.०८७ = ५.०४. प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, किमती सरासरीभोवती किती पसरल्यात याचं माप, = ५.०४ − (२.१ × २.१) = ५.०४ − ४.४१ = ०.६३. त्याचं वर्गमूळ, प्रमाण विचलन, सुमारे ०.७९.

२.१ दाणे कधीच उगवणार नाहीत, म्हणून बरीच मुलं त्याचे २ करतात. करू नका. तीन-तीन दाण्यांचा हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला तर सरासरी २.१ च्या आसपास स्थिरावते, एवढाच त्याचा अर्थ. तो एका वेळचा अंदाज नाही.

पैशांच्या उदाहरणात वेगळीच चूक होते. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत असतो तसा फाशाचा एक खेळ समजा. १० रुपये भरायचे, ६ पडला तर ४० मिळतात, ५ पडला तर भरलेले १० परत, नाहीतर काही नाही. एक्स म्हणजे “हातात आलेले रुपये” की “निव्वळ नफा”? पायरी १ चं वाक्य इथे कामी येतं. निव्वळ नफा धरला तर किमती ३०, ०, −१० आणि संभाव्यता १/६, १/६, ४/६. अपेक्षित मूल्य (३० + ० − ४०)/६, म्हणजे दर खेळाला सरासरी सुमारे १.६७ रुपयांचा तोटा. भरलेले १० वजा करायचे विसरलात तर हाच खेळ फायद्याचा दिसतो.

सावध: किंमत ऋण असू शकते, संभाव्यता कधीच नाही. आणि −१० चा वर्ग +१०० आहे. प्रचरण ऋण आलं तर बहुतेक वेळा एकतर हा वर्ग चुकलेला असतो किंवा अपेक्षित मूल्याचा वर्ग करायचा राहिलेला असतो.

## पायरी ६: आता वितरणाला नाव द्या

बायनॉमियल हे नाव इथे यावं, आधी नाही. चार प्रश्न विचारा. प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली आहे का? प्रत्येक प्रयत्नाचे दोनच निकाल आहेत का? प्रत्येक वेळी पी तोच आहे का? प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? चारही उत्तरं “हो” असतील तरच बायनॉमियल. मग अपेक्षित मूल्य एन × पी = ३ × ०.७ = २.१ आणि प्रचरण एन × पी × (१ − पी) = ०.६३. तक्त्यातून हेच आलं होतं. जुळलं नसतं तर एक तरी “हो” घाईत दिला गेला, असं समजा.

पहिली दोन उत्तरं सहसा चुकत नाहीत. चुकतात ती तिसरं आणि चौथं.

तिसरं बघू. जालन्याकडच्या एका रोपवाटिकेत मोसंबीची १० कलमं आहेत, ७ चांगली, ३ रोगट. डोळे झाकून ३ उचलली. चांगली किती? पी = ०.७, एन = ३ म्हणून जुनाच तक्ता उतरवायचा मोह होतो. पण पहिलं चांगलं कलम उचललं की उरलेल्या ९ मध्ये ६ च चांगली राहतात. पी बदलला. इथे निवडी मोजाव्या लागतात. १० पैकी ३ उचलायचे प्रकार १२०.

एक्स = ०: १/१२०
एक्स = १: ७ × ३ = २१, म्हणजे २१/१२०
एक्स = २: २१ × ३ = ६३, म्हणजे ६३/१२०
एक्स = ३: ३५/१२०

अपेक्षित मूल्य २५२/१२० = २.१, दाण्यांइतकंच. म्हणून चूक लपून राहते. प्रचरण मात्र ४.९ − ४.४१ = ०.४९, आधी ०.६३ होतं. दोन चांगली येण्याची संभाव्यताही ०.४४१ नसून ०.५२५ आहे. प्रश्नात “परत न ठेवता” किंवा “एकदम तीन उचलली” असं वाचलं की पेन खाली ठेवा आणि पी बदलतो का ते बघा.

चौथं, स्वातंत्र्य. आपल्याकडे सगळ्यांना कळेल असं उदाहरण बोअरचं आहे. समजा एका बोअरला पाणी लागण्याची संभाव्यता ०.४ दिली आहे. दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला लागण्याची संभाव्यता किती? बोअर स्वतंत्र धरले तर ०.४ च. “दोन गेले, आता लागणारच” हा हिशेब संभाव्यतेत कुठेही नाही. तीनही कोरडे जाण्याची संभाव्यता ०.६ × ०.६ × ०.६ = ०.२१६ आहे, पण ती पहिला बोअर घेण्याआधीची. दोन गेल्यानंतरची ती नव्हे. पाणी लागेपर्यंत बोअर घेत राहायचं ठरवलं तर एन ठरलेलाच नसतो. तो प्रकार जिऑमेट्रिक, बायनॉमियल नाही.

आणि हे तीन बोअर एकाच वावरात असतील तर मुळात स्वतंत्र धरायचे का? मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. त्यात पाणी साठतं ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरात. शेजारचा बोअर कोरडा गेला तर ती त्या जागेबद्दलची माहितीच असते. परीक्षेत “स्वतंत्र आहेत असे माना” लिहिलेलं असतं, तिथे गुणाकार करा. खऱ्या वावरात हा गुणाकार करून कर्ज काढायचं की नाही हे ठरवू नका. माझं हे सांगणं गणितातलंच आहे: स्वातंत्र्य हे गृहीत आहे, आणि गृहीत मोडलं की त्यावरचा आकडाही मोडतो.

पॉयसनचं थोडक्यात. ठरावीक वेळेत किंवा अंतरात घटना किती, वरची मर्यादा नाही, घटना एकमेकींवर अवलंबून नाहीत आणि सरासरी दर कायम आहे, तेव्हा पॉयसन. जनावरांच्या दवाखान्यात तासाला सरासरी २ जनावरं येतात असं धरलं, तर एका तासात एकही न येण्याची संभाव्यता ई (सुमारे २.७१८ हा स्थिरांक) चा −२ घात, सुमारे ०.१३५. प्रश्न अर्ध्या तासाचा असेल तर आधी सरासरी १ करा, मग उत्तर ०.३६८. ०.१३५ चं अर्धं करून चालत नाही.

## पायरी ७: अखंडित चल असेल तर क्षेत्रफळ

इथे तक्ता नसतो, घनता फलन असतं, म्हणजे संभाव्यता कुठे किती दाट आहे ते दाखवणारं सूत्र, आणि संभाव्यता म्हणजे त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. दर २० मिनिटांनी एसटी सुटते आणि तुम्ही वेळ न बघता स्टँडवर पोचलात, तर वाट बघण्याचा वेळ ० ते २० मिनिटांत एकसारखा पसरलेला धरता येतो. घनता १/२०. पाच ते दहा मिनिटं थांबावं लागण्याची संभाव्यता ५ × १/२० = ०.२५. नेमकी ७ मिनिटं? शून्य, कारण रेघेला क्षेत्रफळ नसतं. म्हणूनच इथे “पेक्षा कमी” आणि “जास्तीत जास्त” यांत फरक उरत नाही. पायरी ४ ची काळजी फक्त खंडित चलासाठी.

घनता १ पेक्षा मोठी आली म्हणून घाबरून खोडू नका. ० ते ०.५ एवढ्याच पट्ट्यात एकसारखी पसरलेली घनता २ असते. २ × ०.५ = १. एकूण क्षेत्रफळ १ हवं, उंचीला ती अट नाही.

तपासा: इंटिग्रेशन करण्याआधी आकृती काढा. ० ते ४ मध्ये घनता के × एक्स असेल तर आकृती त्रिकोणाची: पाया ४, उंची ४के, क्षेत्रफळ ८के = १, के = १/८. पहिल्या २ पर्यंतचा त्रिकोण: अर्धा × २ × २/८ = १/४. इंटिग्रेशनचं उत्तरही हेच आलं पाहिजे.

## पायरी ८: नॉर्मलकडे जाताना, गोणपाटावरचे शंभर दाणे

पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची पद्धत तुम्ही घरी पाहिली असेल. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवडाभरात उगवलेले मोजायचे. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के धरली जाते. आता प्रश्न: पोत्यातल्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्केच असेल, तर गोणपाटावर ६४ किंवा त्याहून कमी उगवण्याची संभाव्यता किती?

एन १००, पी ०.७. सरासरी ७०, प्रचरण २१, प्रमाण विचलन ४.५८. एन × पी = ७० आणि एन × (१ − पी) = ३०, दोन्ही पुरेसे मोठे, म्हणून बायनॉमियलच्या जागी नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं अखंडित वितरण, चालेल. दाणे खंडित आहेत आणि नॉर्मल अखंडित, म्हणून ६४ ऐवजी ६४.५ घ्या, ही अर्ध्याची दुरुस्ती. झेड, म्हणजे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर, = (६४.५ − ७०)/४.५८ = −१.२०. नॉर्मलच्या कोष्टकातून ०.११५.

इथे तीन चुका ठरलेल्या. भागाकार प्रमाण विचलनाऐवजी प्रचरणाने करणे, मग झेड −०.२६ येतो. अर्ध्याची दुरुस्ती विसरणे. आणि ऋण झेडसाठी कोष्टकात धन बाजूची किंमत वाचून ०.८८५ लिहिणे. तिसरी चूक पकडायला छोटी आकृती पुरते: मध्यभागी ७०, डावीकडे ६४.५, छायांकित भाग उघडच अर्ध्याहून लहान.

घरी वेळ नाही म्हणून फक्त दहा दाणे लावले तर? नॉर्मल नको, सरळ बायनॉमियल वापरा. चांगलं, ७० टक्क्यांचं बियाणं असूनही दहापैकी ५ किंवा कमी उगवण्याची संभाव्यता सुमारे ०.१५ आहे. शंभरपैकी ५० किंवा कमी उगवण्याची मात्र जवळपास शून्य. म्हणून दहा दाण्यांवरून पोतं बाद करू नका आणि पासही करू नका, शंभर लावा.

शेवटची ओळ वहीत अशी लिहा: “बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असेल, तर शंभर दाण्यांच्या चाचणीत ६४ किंवा कमी दाणे उगवण्याची संभाव्यता सुमारे ०.११५ आहे.” नुसतं ०.११५ नको. हे वाक्य पायरी १ च्या वाक्याशी शब्दाला शब्द ताडून बघा. तिथे उगवलेले आणि इथे न उगवलेले असं झालं असेल, तर वही अजून देऊ नका.